फक्त नाव सांगा

सोमवार, ३ जून. सकाळ.
बसची तिकिटं विकणारं आमचं सॉफ्टवेअर काल कोसळलं. एकेका सीटवर दोन-दोन प्रवासी. एक आजोबा म्हणे अनोळखी माणसाच्या मांडीवर बसून गेले. बसमालक एवढे तापले होते की फोन हातभर लांब धरला, तरी शेजारच्या खोलीत ऐकू गेलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही दुसरी कंपनी बघतो, म्हणाले. अख्ख्या टीमच्या पोटापाण्याचा प्रश्न. आणि टीम लीड मी.
घाबरलो नाही. नेता संकटातच घडतो.

दुपार.
टीमपुढे भाषण केलं. भीती ही निर्मितीची वैरीण आहे! दोषारोप ही गुलामगिरी आहे! या खोलीत आजपासून कोणालाही शिक्षा होणार नाही! मूठ आपटली, कोणाचा तरी चहा सांडला. शेवटी अगदी मायेनं विचारलं, आता फक्त नाव सांगा. कोणी केलं?
सगळे एकदम सांडलेला चहा पुसायला धावले. भारावले होते.

मंगळवार, ४ जून.
एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. मोकळं बोलता यावं म्हणून दार लावून घेतलं. टेस्टरताई, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून चुका शोधणारी आमची सहकारी, म्हणाली, मागे मी एक चूक दाखवली, तर आधी का नाही सांगितलीस म्हणून मलाच झापलंत. झापलं नव्हतं. मार्गदर्शन केलं होतं.
शेवटी मीच शोधलं. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणी लावला, ते कॉम्प्युटरवर दिसतं. नाव निघालं! तो मुलगा गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेलाय. जो हाताशीच नाही, त्याला माफ करण्यात काय अर्थ?
घरी बायको म्हणाली, भाजी करपली तरी तुम्ही आधी चौकशी समिती नेमता, गॅस मलाच बंद करावा लागतो. तिची कौतुक करायची पद्धत वेगळी आहे.

बुधवार, ५ जून.
नवा नियम. जो बदल करेल, त्याचं नाव भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर झळकेल. शिक्षा म्हणून नव्हे, अभिमान म्हणून!
तेव्हापासून एकही बदल नाही. मेल मात्र धो धो. सर, लेखी मंजुरी द्या. एकानं बटणाचा रंग बदलायला मंजुरी मागितली. केवढा हा विश्वास! जेवायलाही उठलो नाही.

गुरुवार, ६ जून.
पुन्हा कोसळलं.
मौनीबाबा, म्हणजे आमचा सर्वांत जुना प्रोग्रामर, चहाच्या मशीनपाशी तोंडासमोर कप धरून पुटपुटला, दुरुस्ती सोमवारपासून तयार आहे. फक्त दोन ओळी. मग टाकली का नाहीस? तर म्हणतो, तुम्ही नाव शोधत होतात. मी हात लावला असता, तर शेवटचं नाव माझंच दिसलं असतं.
धैर्य या विषयावर त्याला तिथेच व्याख्यान दिलं. त्यानं चहा संपेपर्यंत ऐकलं आणि त्या दोन ओळी मला मेल केल्या. तुम्हीच टाका, म्हणाला, तुम्ही कुठे कोणाला भिता?
खरंच आहे.

शुक्रवार, ७ जून. दुपार.
दोन ओळी टाकल्या. टेस्टरताईनं तपासल्या. चालतात. आता फक्त लाइव्ह करायचं, म्हणजे एक बटण दाबून प्रवाशांसाठी चालू करायचं. टीम मागे उभी. बटणावर बोट ठेवलं.
सहज भिंतीवरच्या स्क्रीनकडे लक्ष गेलं. अक्षरं जरा जास्तच मोठी ठेवली आहेत.
भीती नव्हे. पण प्रोसेस म्हणून काही असतं की नाही? साहेबांना मेल टाकला: कृपया लेखी मंजुरी द्यावी.

चार वाजता.
साहेब विमानात आहेत. टेस्टरताई म्हणाली, दाबा हो सर, काही झालं तर मी सांगेन मी तपासलं होतं. म्हटलं, हेच जरा लेखी दे. ती पर्स उचलून घरी गेली.

सहा वाजता.
बसमालकांचा फोन. घेतला नाही. हात मोकळा नव्हता. बोट अजून बटणावरच होतं.

सोमवार, १० जून.
साहेबांचं उत्तर आलं. कसली मंजुरी? बसवाले शनिवारीच दुसरीकडे गेले. मला येऊन भेटा.
भेटतोच. पण त्याआधी दहाला टीमची मीटिंग लावली आहे. दोष कोणालाच द्यायचा नाही. फक्त एवढंच शोधायचं, की लेखी मंजुरीचं हे खूळ मुळात आणलं कोणी.
साडेदहा झाले. खोलीत अजून मी एकटाच आहे.