सात खिळ्यांची भिंत

प्रिय ताई,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि तू मध्ये बोललीस की मी कशावरून चिडलो होतो तेच विसरून जातो. पन्नास वर्षं आपलं हे असंच चाललंय. या खेपेला मला चिडलेलंच राहायचंय, म्हणून कागद घेतला. आधीच सांगतो, पत्र खुशालीचं नाही. डोक्यात तिडीक गेलीय माझ्या, आणि त्यातली निम्मी तुझ्या नावची आहे. उरलेली निम्मी कोणाच्या नावची, ते पुढे येईलच.

तुझ्या भावजयीच्या आईचा पाय मोडला, ती तिकडे गेली आणि तू आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिलीस, त्याबद्दल उपकार. मनापासून म्हणतो. पण तुला घर सांभाळायला बोलावलं होतं, घर सुधारायला नाही. जाताना तू दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून म्हणालीस, की आता कसं घरासारखं घर दिसतंय. आणि तो भिंतीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास. एकोणीस अंगठे आले. एकानेही विचारलं नाही, की आधी ते कशासारखं दिसत होतं, आणि का.

का, ते तुला सांगतो. स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं मी काढून ठेवली होती ती आळसापायी नाही. जी वस्तू दाराआड गेली ती माझ्या लेखी जगातून गेली. तू दारं बसवलीस. दुसऱ्या दिवशी घरातली साखर संपली. मी आणली, दाराआड ठेवली, ती पण संपली. आज आमच्याकडे साखरेचे चार पुडे आहेत आणि मी तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यालो. दुकानाची किल्ली फ्रिजमध्ये डब्यावर ठेवलेली असायची, कारण डबा मी कधी विसरत नाही. तू ती शोभेच्या हुकाला टांगलीस. दोनदा दुकानाच्या कुलपासमोर जाऊन परत आलो, गिऱ्हाइकं पंखे-मिक्सर हातात घेऊन फुटपाथवर उभी. फडक्यात गुंडाळून खणात ठेवलेलं घड्याळ तू दया येऊन बाहेर काढलंस आणि भिंतीवर लावलंस. तुझी भावजय परत आली, चप्पलही न काढता आधी त्या घड्याळाचा सेल काढला. तिला ती टिकटिक दाताच्या डॉक्टरच्या मशिनसारखी ऐकू येते. तुला नाही येत, ठीक आहे, पण तुला येत नाही म्हणून तिला येऊच नये असं थोडंच आहे?

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. खरंच नेलं असतं. आमच्या घराची मीच जास्त टिंगल करतो. तिघंही आपापल्या तऱ्हेची माणसं. लेकीला सगळं मापात लागतं म्हणून ती आमची मोजपट्टी; तिची तपासणी करता करता डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की आता तुम्हीपण जरा या खुर्चीत बसा. सेहेचाळिसाव्या वर्षी मला कळलं, की मी आळशी नव्हतो, माझ्या मेंदूची ठेवणच तशी होती. घरी येताना त्या कागदाची फाईल रिक्षात विसरलो, हे तुला सांगितलंच होतं, तू पोट धरून हसली होतीस. मीपण हसलो होतो.

पण ताई, भिंत. तिच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंतची भिंत.

ते सात खिळे म्हणजे तुला पसारा वाटला. पहिल्यावर टॉवेल, दुसऱ्यावर कामाचे कपडे, तिसऱ्यावर कंगवा, चौथ्यावर कानावर लावायचं ते आवाज अडवणारं, पाचव्यावर डब्याची पिशवी, सहाव्यावर घराची किल्ली, सातव्यावर दोरीत ओवलेलं कार्ड. कार्डाच्या एका बाजूला ‘घरी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कामावर’. मोजपट्टी सकाळी पहिल्या खिळ्यापासून सुरू करायची आणि एकेक रिकामा करत जायची. सातव्याशी पोचली, कार्ड उलटं केलं, की दार. एवढंच. कोणी हाक मारायची नाही, घाई करायची नाही, आज उशीर झाला वाटतं असं म्हणायचं नाही. ही भिंत बसायला अकरा महिने लागले. अकरा महिने रोज सकाळी तिच्या आईने आणि मी श्वास धरून पाहिलंय, आज तिसऱ्यावर अडते की चौथ्यावर. ज्या दिवशी पहिल्यांदा सातही रिकामे झाले आणि दार ओढल्याचा आवाज आला, त्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो.

आणि ती कुठे जात होती? बायंडिंगच्या कारखान्यात. तू आपली सगळ्यांना सांगतेस, की काहीतरी कागद चिकटवायचं काम करते बिचारी. बिचारी कोण गं? छापून आलेले फॉर्म, म्हणजे पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, क्रमाने लागलेत की नाही ते शिवणीआधी तपासायचं काम तिचं. तिथे वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांच्या नजरेतून निसटतो तो उलटा गठ्ठा ती नुसत्या कडेवरून ओळखते. मालक मला स्वतः म्हणाले, की ही आल्यापासून एक पुस्तक परत आलेलं नाही. तेवीस वर्षांच्या तिच्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, की ही नसली तर आमचं अडतं.

शनिवारी ती कामावर असताना तू खिळे उपटलेस. भोकांत लांबी भरलीस, वर रंगाचा हात मारलास, तोही जुन्या रंगाशी न जुळणारा. उद्या पोरीला बघायला कोणी आलं तर ही खुंट्यांची रांग बघून काय म्हणेल, असं तुझं म्हणणं. कोण येणार होतं? कोणी बोलावलं होतं? तिने तरी कधी म्हटलंय का, की मला बघायला माणसं आणा? तुझे हात शिवशिवतात आणि निस्तरतं भलतंच माणूस!

संध्याकाळी ती आली. खांद्याची पिशवी काढून सवयीने हात पाचव्या खिळ्याकडे नेला. खिळा नव्हता. तळव्याला ओला रंग लागला. तू म्हणालीस, बघ कशी छान झाली भिंत. ती काही बोलली नाही, आणि तू ते पसंतीत धरलंस. ताई, ती रडत-ओरडत नाही म्हणजे तिला लागत नाही, हे तुला कोणी सांगितलं? तिने रात्रभर तो हात धुतला नाही. रविवारी तू खुशीत गेलीस. सोमवारी सकाळी ती भिंतीसमोर दोन तास उभी राहिली आणि परत जाऊन अंथरुणात शिरली. आज मंगळवार, दुसऱ्या आठवड्यातला. आठवा खाडा. मालक भला माणूस आहे, पण ग्रंथालयाचं मोठं काम अंगावर आहे त्यांच्या. येत्या सोमवारी आली तर जागा तिची, नाहीतर दुसरं माणूस बघावं लागेल, असं म्हणाले. आवाज पडला होता त्यांचा हे सांगताना.

आता ती उरलेली निम्मी. तू खिळे उपटायला लागलीस तेव्हा मी कुठे होतो? तिथेच होतो. तुझा तिसरा खिळा निघेना, तू पक्कड मागितलीस, आणि दुकानाच्या पिशवीतून पक्कड काढून तुझ्या हातात कोणी दिली? मी. तोंड होतं मला. हे काढू नकोस, एवढे तीन शब्द. पण तू म्हणालीस, अरे, लोक काय म्हणतील, आणि मी बावन्न वर्षांचा घोडा एका क्षणात नऊ वर्षांचा झालो. मूग गिळून बसलो. खोटं कशाला सांगू, भिंत साफ झाल्यावर घटकाभर मलाही बरं वाटलं. चारचौघांच्या घरासारखी दिसत होती. या गोष्टीची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

आणि लाज दुप्पट का, तर भिंतीला खिळे मारायची अक्कल माझी नव्हतीच. तुझी होती. विसरलीस ना? कमाल आहे! विसरायचं काम माझं आणि विसरतेस तू. मला वहीसाठी, टोपीसाठी, डब्यासाठी शाळेतून रोज परत पाठवायचे, बाबा पट्टा काढायचे. तू बारा वर्षांची. एका सकाळी तू दगडाने आपल्या दारामागे चार खिळे ठोकलेस. टोपी, दप्तर, डबा, वही. आणि रोज ओरडायचीस, खिळे रिकामे? मग सुटा! पाहुणे यायचे म्हणून बाबांनी ते उपटले, भिंतीचं वाटोळं केलं म्हणून तुझ्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर तू पुन्हा ठोकलेस, त्याच भोकांत. कानाला हात लावत लावत. मी शाळा शिकलो, हातात धंदा आला, माझं लग्न झालं, हे त्या चार खिळ्यांवर. तेव्हा तुला लोकांचं काही पडलेलं नव्हतं, ताई. कधी पडायला लागलं? आणि मी तरी तुला इतक्या वर्षांत कधी सांगितलं का, की तू तेव्हा काय केलंस ते?

पत्राचं कारण आता सांगतो. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी मी नवे सात खिळे आणून ठोकले. मोजपट्टीने पट्टी लावून पाहिलं, मापं बरोबर होती. तरी मंगळवारी उठून तिने ते सातही काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, बाबा, हे आत्याने मारायचे. मला वाटलं, तुला शिक्षा करते आहे, आणि खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, बरोबर आहे, जिने मोडलं तिनेच जोडावं. आठवडाभर मी ते तसंच धरून बसलो होतो. हे पत्रही त्याच रागात लिहायला घेतलं. मघाशी ती पाणी प्यायला आली, कोणाला लिहितोस विचारलं. आत्याला, तिला चांगली झापतोय, म्हटलं. तर माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी सोळा पानांचा उलटा गठ्ठा आहे. म्हणाली, झापतोस कशाला? आत्याने मारलेल्या खिळ्यांनी तू शाळेत पोचलास, तूच सांगितलंस ना मला? तुझे आणि आईचे खिळे आत्या काढू शकते. आत्याचे आत्या नाही काढणार. मग आत जाऊन काडेपेटी घेऊन आली. तू कचऱ्यात टाकलेले जुने सात खिळे आहेत त्यात, एकेक सरळ केलेला, प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी. तिच्या वेळापत्रकात रविवारी सकाळी दहाच्या रकान्यात तिने तुझं नाव लिहून ठेवलंय. सव्वादहाला येऊ नकोस, दहालाच ये. हातोडी माझ्याकडे आहे, कुठे ते शोधून ठेवतो.

तुझाच,
विसरोबा