दाखल्यावर तुझं नाव

दादा,

दार वाजवून वाजवून हात दुखले, म्हणून ही चिठ्ठी फटीतून सरकवतेय. बाबांच्या मृत्यूचा दाखला अखेर मिळाला, पण त्यावर नाव तुझं आहे! दवाखान्यात माहिती देणारा म्हणून तू सही केलीस, आणि त्या शहाण्यांनी तुलाच मारून टाकलं.

नोंदणी ऑफिसातल्या खिडकीवरच्या बाईंशी मी कडाकडा भांडले. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती होईल, पण ज्यांचं नाव चुकून लागलंय त्यांनी स्वतः यायला हवं."

मी म्हटलं, "बाबा गेल्यापासून तो खोलीबाहेरच येत नाही हो."

"जेवायलाही नाही? कुणाशी बोलत नाही?"

"नाही."

"मग ताई, आमचं चुकलंय हे आम्ही कशावरून समजायचं?"

इतकी चिडले मी! त्यांना काय उत्तर द्यायचं, तुला सुचतंय का बघ.

आईला दाखला दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही. दाढी कर, ओळखपत्रावरच्या फोटोशी तोंड जुळलं पाहिजे. मी परत ऑफिसात जाऊन रांगेत उभी राहतेय. आपला नंबर आला, की मागच्यांना पुढे सोडत राहीन. पण तू ये.

तुझी धाकटी