डावा डोळा मागे राहिला

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. दुकानातला फोन कपडा कापायच्या टेबलावर, अण्णांच्या कोपराशी असतो आणि तुला आवाज चोरता येत नाही, म्हणून लिहितो आहे. वाच आणि अण्णांच्या हाती लागू देऊ नकोस.

मी पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आजारबिजार काही नव्हता. हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून मला इतकी वर्षं झाली, आणि हल्ली येणारा प्रत्येक पाहुणा किल्ली घेताना विचारतो की रात्रपाळी होती का. मी चांगली झोप काढून आलेला असतो! आमच्या मॅनेजरबाईंनी तर सगळ्यांसमोर सुचवलं, की मी आतल्या ऑफिसात बसलेलं बरं, समोर जरा तरतरीत चेहरा हवा. फार लागलं मनाला. तुझ्याकडे आईचे डोळे गेले, माझ्या वाट्याला अण्णांच्या पडलेल्या पापण्या आल्या, त्यामुळे तुला हे कळायचं नाही.

तर वरची जादा कातडी काढून बारीक टाके घातले आहेत. पट्टी काढून आरशात बघितलं तर उजवा डोळा टक्क उघडा आणि डावा अर्धा मिटलेला. एका चेहऱ्यात एक माणूस जागा नि एक पेंगलेला. डॉक्टर म्हणतात, डावीकडची सूज सावकाश उतरेल, दोनेक महिन्यांत दोन्ही सारखे होतील. झाले की लगेच घरी येतो.

तोवर अण्णांना काही सांगू नकोस. दुखणं बरं झाल्यावरच सांगायचं, ही आपल्या घरची रीतच आहे. आई होती तेव्हा तिचा पाय मोडल्याचं मला प्लास्टर निघाल्यावर कळलं होतं. शिवाय कोटाचा एक खांदा दोराभर उतरला तरी ज्यांना घास गिळवत नाही, त्यांच्यापुढे हा चेहरा घेऊन कसा उभा राहू?

लोभ असू दे, डोळ्यांकडे बघून कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा वाचलं. मला न सांगता लग्न तर ठरवलं नाहीस ना? या वयात नटायचं खूळ कुठून शिरलं डोक्यात? ऑपरेशनला सोबत कोण होतं? पट्टी बांधून एकटाच घरी गेला असशील. बहीण मेली नव्हती तुझी. एक फोन केला असतास तर दुकान टाकून आले असते.

अण्णा बरे आहेत. जरा थकवा आहे, म्हणून त्यांची कॉट माडीवरून दुकानामागच्या खोलीत आणली. जिना नको त्यांना. मशीनवर आता मीच बसते आणि ते पडल्या पडल्या, नुसत्या आवाजावरून, माझी टीप वाकडी गेल्याचं ओळखतात. शेजारचे डॉक्टर रोज संध्याकाळी डोकावतात. त्यांनाही गप्पांना माणूस हवंच असतं. जेवण थोडं कमी झालंय, पण वयाप्रमाणे होतंच. काळजी करू नकोस.

तुझे टाके कसे आहेत, दुखतात का, निघाले की अजून आहेत, ते नीट लिही. तुझ्या पत्रात महत्त्वाचं तेवढंच नेमकं नसतं.

जिवाला जप. माझा राग दोन दिवसांचा आहे, माया मात्र कायमची.

तुझी,
ताई


ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डावा डोळा हट्टाला पेटला आहे. सकाळी उठलो की आधी आरसा. कधी वाटतं वर सरकला, दुपारी बघावं तर पुन्हा खाली. उजव्याची सूज उतरून तो आणखीच मोठा दिसायला लागलाय. परवा एका पाहुण्याबाईंना वाटलं की मी त्यांना डोळा मारला. त्यांनी मॅनेजरबाईंकडे तक्रार केली आणि त्याच दिवशी माझी खुर्ची आतल्या ऑफिसात गेली. जे टळावं म्हणून चेहरा कापून घेतला, तेच पदरात पडलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून कॉफी पीत बसलो.

तुला म्हणून सांगतो. दाढी करताना मला रोज आरशात थोडेसे अण्णा दिसायचे. ते आवडतं हेच मला माहीत नव्हतं. आता उजवीकडे कुणी तरी परका बघत असतो आणि अण्णा तेवढे डावीकडे, अर्धेच उरलेत. दोन्ही डोळे सारखे होतील तेव्हा तेही जातील.

कॉट खाली का आणली, खरं सांग. डॉक्टर रोज नुसते गप्पांना कसे येतील? तू म्हणालीस तर असाच निघतो, अण्णा काय बोलायचं ते बोलोत. नाही तर डोळे नीट झाल्यावर येईन. तू म्हणशील तसं.

बाकी सगळं डाव्या डोळ्याच्या मर्जीवर. तुझी मर्जी असू दे.

तुझा,
धाकटा


ता. ७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

घाईत चार ओळी लिहिते. एवढ्यात येऊ नकोस. अण्णा ठीक आहेत. दुकान थोडे दिवस बंद ठेवलं आहे, रंग काढायचा आहे. आत्याही मदतीला येऊन राहिली आहे.

तू डोळे चोळू नकोस. डोळ्यांना पाणी लागू देऊ नकोस. मनाला काही लावून घेऊन रडत बसू नकोस. टाक्यांचं लिहायला सांगितलं होतं, ते लिहिलंच नाहीस. उलट टपाली कळव.

मी आहे इथे, हे विसरू नकोस.

ताई


ता. २४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अण्णा गेल्याचं तुला फोनवर सांगितलं, तू आलास, सगळं उरकेपर्यंत काळा चष्मा लावून भिंतीशी उभा राहिलास आणि परत गेलास. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. आत्या म्हणाली, पोराचं काळीज दगडाचं झालं. मी तिच्यावर ओरडले. निघताना तू मला एवढंच विचारलंस की मी तुला आधी का बोलावलं नाही. त्याचं उत्तर आता लिहिते.

अण्णांना सगळं माहीत होतं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच रात्री मी सांगून टाकलं. तुझं पत्र वाचून माझा चेहरा उतरला होता, आणि त्यांच्यापासून काय लपतं! ते रागावतील असं वाटलं होतं. ते खोकला लागेस्तोवर हसले. मग पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं, आणि पापणीच्या कातडीला कुठला दोरा वापरत असतील यावर बराच वेळ विचार करत बसले.

त्यांचं दुखणं मात्र वाढतच गेलं. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मी तुला फोन करायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तो मला असा बघून रडेल, टाके ओले होतील, ताण पडेल, उसवतील. डोळ्याचं काम आहे. टाके निघू देत, मग बोलाव, तोवर मी कुठं जात नाही. तू असाच निघतो म्हणून लिहिलंस, तेही त्यांना वाचून दाखवलं. फार बरं वाटलं त्यांना. तरी नकोच म्हणाले. त्या पत्रात टाक्यांचं काही आहे का म्हणून मला पुन्हा पुन्हा शोधायला लावलं. सगळा डावा डोळाच होता. अण्णा म्हणाले, म्हणजे निघाले नाहीत अजून.

तुला फोनवर विचारलं असतं, तर माझ्या आवाजावरून तू सगळं ओळखलं असतंस. टाके कधी निघतात ते शेजारच्या डॉक्टरांना विचारता आलं असतं. पण तुझं गुपित निदान घराबाहेर जाऊ नये, असं वाटलं. शेवटच्या दिवशी सकाळी टपाल आलं का म्हणून त्यांनी विचारलं आणि दुपारी गेले.

हे लिहू की नको, असं झालं होतं. पण आता बरं झाल्यावर सांगण्यासारखं आपल्या घरात काही उरलं नाही.

तुझी,
ताई


ता. १६ मे

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

टाके पहिल्याच आठवड्यात निघाले होते, ताई. तुझं पहिलं उत्तर हाती पडलं तेव्हा एकही नव्हता. तू दोन वेळा विचारलंस. पहिल्यांदा मी आरशापुढून हललोच नाही. दुसऱ्यांदा उत्तर लिहायला बसलो होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. एवढी एकच ओळ लिहायची होती. तू मनाला काही लावून घेऊ नकोस, अण्णांचंही काही चुकलं नाही. कुणी चिडून, भांडून दूर ठेवलं असतं तर सोसलं असतं. त्यांनी मला जपलं, हे कसं सोसू?

काल शेवटची तपासणी होती. डॉक्टरांनी मोजपट्टी धरून दोन्ही पापण्या मोजल्या, समोरून नि बाजूनं फोटो काढले आणि आता यायची गरज नाही म्हणून सांगितलं. बाहेर बाकावर बसून चष्मा खिशात ठेवायला गेलो, तर हाताला तुझं पत्र लागलं. आणि मला रडू कोसळलं. भिंतीशी उभा होतो तेव्हा न आलेलं सगळं एकदम आलं. तोंडावर हात धरला तरी आवाज दबेना.

नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, डोळे मनासारखे झाले नाहीत म्हणून मी रडतोय. त्या आतून आरसा घेऊन आल्या, माझ्यासमोर धरला आणि पाठीवरून हात फिरवत मला समजावत राहिल्या, की असं काय करता, जरा नीट बघा, दोन्ही अगदी सारखे झालेत.

शनिवारी येतो आहे, दार उघड.

तुझा,
धाकटा