कुंचीखालचं नाव

आई, तुझी कुंची काचेच्या पेटीत लागली आहे. माझ्यासाठी शिवलेली तीच, जांभळ्या खणाची, डोक्यावरून पाठीवर सोडायची, कपाळाशी मण्यांची झालर आणि टोकाला गोंडा. माझ्यानंतर ती भाऊला झाली, मग माझ्या पोरांना, मग त्यांच्या पोरांना, आणि आता तिला बघायला माणसं पायातलं बाहेर काढल्यासारखी हळू चालत येतात. खाली पांढऱ्या पुठ्ठ्यावर तुझं नाव छापलंय. त्या नावापायी काय काय झालं ते सांगते, पण आधी पहिल्यापासून सांगू दे. नाहीतर मी एकदम शेवटालाच येते आणि घरातले म्हणतात, आजीला गोष्ट सांगता येत नाही.

माझी नात, लेकाची मुलगी, म्युझियममध्ये कामाला आहे. तू म्हणशील, तिथे कसलं काम, वस्तू तर नुसत्या पडून असतात. मलाही तसंच वाटायचं. घरोघरी बायकांनी हाताने शिवलेल्या कपड्यांचं प्रदर्शन ती भरवणार होती, तिचं स्वतःचं असं पहिलंच. ती म्हणाली, "आजी, पणजीची कुंची देतेस का? कायमची?" मला एवढा आनंद झाला की मी लगेच बादलीत रिठे भिजत घातले. चार लोकांसमोर जायचं तर मळकं कसं पाठवायचं? कुंचीला आतून डोक्याशी तेलाचा तपकिरी डाग आहे ना, तो काढायचाच असं ठरवलं होतं. कुंची बादलीवर धरली आणि ही पोरगी दारातून किंचाळली. शेजारची बाई गॅस बंद करून धावत आली, तिला वाटलं मी पडले. "आजी, तो डागच तर हवाय आम्हाला!" "अगं, लोक म्हणतील यांच्या घरात साबण नव्हता." "लोक म्हणतील, यांच्या घरात बाळाच्या टाळूला तेल घालायचे." म्हणजे बघ आई, तू माझी टाळू भरायचीस, ते तेल आता सरकारी पाहुणे येऊन बघतात. हे खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे तुझं डोकं शेवटी कुठेतरी उपयोगी पडलं." यांचं बोलणं तुला माहीतच आहे. अजून तसंच आहे.

मग नातीने मला म्युझियमच्या आतल्या बाजूला नेलं, जिथे लोकांना सोडत नाहीत. मोठी खोली, गार, खिडकी नाही, आणि भिंतभर लोखंडी कपाटं. कपाटात सपाट खण, आणि प्रत्येक खणात झोपवल्यासारखे कपडे. परकर, झबली, टोपरी. घडी घालत नाहीत, घडीवर कापड तुटतं म्हणतात. घालावीच लागली तर मध्ये मऊ कागदाची वळकटी ठेवतात, म्हणजे घडीलासुद्धा उशी. प्रत्येकाला आतून नाडीचा तुकडा शिवलेला, त्यावर नंबर. आपण धोब्याकडे द्यायच्या चादरीला खूण करायचो, तसंच. कुंची आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली, मोठ्या, बर्फाच्या. मी म्हटलं, अगं तान्ह्याची कुंची ती, थंडीसाठी शिवलेली, आणि तिलाच बर्फात? तर म्हणे कसर लागली असेल तर मरते. घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "तूही जाऊन बस, टिकशील."

पुढच्या खेपेला मला कुंचीला हात लावायला रबरी मोजे दिले. माझ्याच टाळूचं तेल आणि मलाच मोजे! पण घातले. नातीने कुंचीसाठी कापूस आणि स्पंज भरून बाळाचं डोकं आणि पाठ तयार केली होती, नाकडोळे नाहीत, नुसता आकार. म्हणाली, "धरून बघ, बरोबर वाटतंय का." मी ते मांडीवर घेतलं आणि माझा हात आपोआप थोपटायला लागला. मीच हसायला लागले, तिच्या मोठ्या मॅडमही हसल्या. त्या म्हणाल्या, "आजी, झोपलं की सांगा, पेटीत ठेवू."

आता नावाचं. टेबलावर पुठ्ठ्याचे छोटे कागद होते, एकेका कपड्याखाली लावायचे. नात वाचून दाखवत होती. परकर, शिवणारी अज्ञात. टोपरं, शिवणारी अज्ञात. झबलं, अज्ञात. मी विचारलं, अज्ञात कोण? एवढं सगळं एकटीने शिवलं? ती म्हणाली, "अगं, म्हणजे माहीत नाही. देणाऱ्यांना आठवत नाही." मला ते काही बरं वाटलं नाही. कोणाची तरी आई असेल, कोणाची काकू असेल, अज्ञात कशी असेल? नात म्हणाली, "आपला कागद उद्या छापायला जाईल. पणजीचं नाव काय लिहू? एकच ओळ आहे."

घरी आल्यावर भाऊला फोन केला. तो म्हणाला, "त्यात काय विचारायचं? रेशनकार्डावर आहे तेच. पुढे वडिलांचं नाव, पुढे आपलं आडनाव." तसं बरोबरच होतं त्याचं. पण ते नाव तुला लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून दिलेलं. आणि कुंची तू शिवलीस ती धायरीला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होतीस तेव्हा. तिथे तुला त्या नावाने कोण ओळखत होतं? मी भाऊला म्हटलं, "कुंची आजोळची असते. तिच्यावर सासरचं नाव कसं घालू?" तो म्हणाला, "ताई, मग घाल ना माहेरचं. काय होतं?" आणि आई, मला सांगता येईना. तुला माहेरी दुसरं नाव होतं एवढं ठाऊक, पण कोणतं? तू कधी बोलली नाहीस. सगळ्यांची काकू, वहिनी, आई. भाऊ म्हणाला, "म्हणजे आपणही अज्ञातच लिहायचं?"

ते ऐकून मी चप्पल घातली. नातीला म्हटलं, रिक्षा बोलाव, धायरीला जायचंय. मावशी आहे अजून, तुझी धाकटी बहीण. आजोळची जमीन होती तिथे आता इमारती झाल्यात, त्यातल्याच एकीत लेकाच्या फ्लॅटमध्ये असते. गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि खालच्या गाड्यांना नावं ठेवते. कान गेलेत, आवाज शाबूत आहे. मी ओरडून विचारलं, "मावशी, आईचं माहेरचं नाव काय?" "कुनाच्या आईचं?" "माझ्या!" "अक्का." "अगं, अक्का तू म्हणायचीस. नाव काय होतं?" "अक्काच हाय की ती. येडी का काय तू?" मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच. सून म्हणाली, "जाऊ द्या हो, वयाने विसरल्या." चहा आला. नात घड्याळ बघत होती, तिचं तोंड एवढंसं झालेलं. मला कुठून सुचलं कोण जाणे. मी विचारलं, "मावशी, तुमची आई तुम्हा दोघींना जेवायला कशी बोलवायची?"

मावशीने बशी खाली ठेवली. पदर सावरला, गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि खालच्या रस्त्याकडे तोंड करून अशी लांब हाक मारली, की कठड्यावरचं कबूतर उडालं आणि खालचा वॉचमन वर बघायला लागला. आधी तुझं नाव, मग तिचं. तुझं नाव शेवटाला लांबवून, पार शेताच्या बांधापर्यंत जाईल असं. मग खाली बसली, बशी उचलली आणि हसून म्हणाली, "आली न्हाई बघ अजून. हिरीवरच बसली असंल गप्पा मारत."

नात रिक्षात बसून फोनवर ते नाव लिहीत होती आणि मी बाहेर सिंहगड रस्त्याची गर्दी बघत मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, विसरायला नको म्हणून. केवढं छान नाव आहे गं तुझं. छोटंसं, पोरीचं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी तुझी हिरवी काठाची नेसले. तिथे दिवे इतके मंद की मी म्हटलं, बिल वाचवतात की काय. नात म्हणाली, "आजी, उजेडाने रंग उडतो." तुझी कुंची मधोमध, त्या कापसाच्या बाळाच्या डोक्यावर, तेलाचा डाग दिसेल अशी थोडी वळवून. खाली तुझं नाव आणि पुढे, धायरी. भाऊ नातवंडांना घेऊन आलेला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "ही आमच्या आईने केलेली. मीसुद्धा घातली आहे." एका कॉलेजच्या पोरीने ते नाव मोठ्याने वाचलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "किती बारीक टाका आहे बघ हिचा." हिचा म्हणाली. जणू तू आत्ता इथून उठून गेलीस. आणि माझ्या नातीकडे तिच्या मॅडम बोट दाखवून पाहुण्यांना सांगत होत्या की हे सगळं हिने उभं केलं. चौथीपर्यंत शिकलेली मी, पण त्या दिवशी माझ्याएवढी ताठ मानेची बाई अख्ख्या पुण्यात नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. ट्रंकेत कुंचीची जागा रिकामी झाली आहे, कडुनिंबाचा सुका पाला तसाच आहे, तिथे ठेवते. फक्त एक राहिलं. गर्दी कमी झाल्यावर मी काचेजवळ एकटीच होते, तेव्हा तुला नावाने हाक मारली. आईला कोणी नावाने हाक मारतं का, पण मारली. आधी हळू, मग मावशीसारखी, शेवटाला लांबवून. दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, हळू, म्युझियम आहे." नात लाजून लाल झाली. आणि मी, हे मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही, मी दाराकडे बघितलं.