टाचेची रेघ

३ मार्च
बारा लाख! लेकीनं सकाळी चहाबरोबर फोनच पुढ्यात ठेवला. "बाबा, बघा तरी!" चोवीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात मी अडवलेली ती शेवटची पेनल्टी. हिनंच रविवारी तिचा व्हिडिओ टाकला होता, तो एवढ्या लोकांनी पाहिला. वर कुणीतरी लिहिलंय — आफ्रिकेतला सगळ्यात डोकेबाज गोलकीपर! म्हणे मी मुद्दाम फूटभर डावीकडे उभा राहिलो, उजवीकडची मोकळी जागा दाखवली, मारणारा भुलला.

मुद्दाम? डोंबलाचं मुद्दाम!

५ मार्च
हॉस्पिटलच्या धुलाईघरात आज दोन चादरी करपवल्या. मुकादम एरवी खेकसतो. आज म्हणाला, "असू दे हो, डोकेबाज!" आणि शेजारी उभा राहून फोटो काढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणाला सांगू? इथंच लिहितो. पेनल्ट्यांआधी गोलच्या मधोमध गवतावर टाचेनं रेघ ओढायची, ही माझी सवय. मागे न बघता मध्य कळतो. गोल एकच, आम्ही दोन्हीकडचे गोलकीपर आळीपाळीनं उभे. शेवटच्या पेनल्टीला मी रेघेवर उभा राहिलो. झेप उजवीकडे — नुसता अंदाज! चेंडू अडवला, उठलो, खांब बघितले. रेघ फूटभर चुकलेली. माझ्याच टाचेनं घात केला होता! पण सगळे मला खांद्यावर उचलत होते. गप्प बसलो.

८ मार्च
बावन्न लाख.

९ मार्च
गोलकीपर घडवणाऱ्या एका संस्थेचा फोन. प्रशिक्षकाची नोकरी! "पहिला धडा तुमचा सापळा. शनिवारी लाइव्ह या, तिथंच नेमणूक जाहीर करू." बायको हरखली. "सुटाल एकदाचे त्या वाफेतून!" खरंय तिचं. वाफेनं छाती भरते माझी, जिना चढवत नाही. पण पोरांना शिकवू काय? चुका आणि नशिबाची वाट बघा?

दिवसभर येरझाऱ्या. शेवटी ती वैतागली — "पायाला भिंगरी लागलीय का? बसा एका जागी!"

१२ मार्च
बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "चोवीस वर्षं माझ्यापासूनही लपवलंत?" शेवटची घडी ठेवून — "आता सांगायचंच तर सगळ्यांना सांगा. अर्धवट नको."

१४ मार्च, शनिवार
सांगून टाकलं! "सापळा नव्हता. रेघ चुकली, नशिबानं तारलं." संस्थेचा माणूस कसनुसं हसला, विषय बदलला. नेमणुकीचं नावही नाही. खाली लोकांचा भडिमार — "भोंदू!" "फुकटचं मिरवलं!" लेक रडली. तिच्याकडे बघवेना.

मी मात्र पोटभर जेवलो. माझं मलाच नवल.

१६ मार्च
मुकादम खेकसला. बरं वाटलं, खरंच.

१७ मार्च
त्या दिवशीच्या समोरच्या गोलकीपरचा निरोप आलाय. चोवीस वर्षांनी!

"तुझी रेघ बरोबर होती. माझ्या शेवटच्या पाळीला मी ती बुटानं पुसली, फूटभर सरकवून नवी ओढली. तुला फसवायला. फसला आमचाच पेनल्टी मारणारा. त्याला आम्ही पुन्हा संघात घेतलं नाही. शनिवारी तू बोललास, आज मी त्याच्या घरी जातोय."