वांदर संघाची हाक

१७ मार्च, सोमवार

मलेच केलं! वांदर संघाचा संघनायक — मी, अंकुश. ज्याले दिवे गेले की आईचा पदर लागते, तो. स्काउटच्या तासाले पोट्ट्याईनं माझ्या नावावर हात वर केले आन भैयाजी सर म्हणाले, झालं. मी म्हटलं, सर मले नको, दुसऱ्या कोणाले तुम्हीच नेमा. त सर म्हणाले, "सर नेमत नसते. संघ आपला नायक आपणच निवडते. जगभर असंच आहे."

घ्या. आता जगभर झालं म्हणजे बोलाची सोय नाई.

दुसरे दोन संघ मोर आन चितळ. मोराचा नायक लटारू आतापासूनच छाती फुगवून फिरून राह्यला. चितळाचा सूरज. माझा उपनायक जंगू. तो मोहाच्या रानाले लागून राहते, सोमारीआजीसंगं. माय-बाप नाई त्याले, आजीच सगळं. बोलते कमी, पण एकदा "बरं" म्हटलं की ते काम झालंच समजा.

१९ मार्च, बुधवार

सरांनी फळ्यावर सगळा कारभार काढून दाखवला. सगळ्यात खाली संघ. तीन-चार संघाईचं पथक. मग जिल्हा, राज्य, देश. आन सगळ्यात वर साऱ्या जगाचं संमेलन, तीन वर्षांनी भरते. देश केवढाही असो, मोठा का टीचभर, सगळ्याईची मतं सारखीच. पथकात तसंच. संघनायकाईची मानसभा बसते, ती ठरवते. सर नुसते बसून राहतात, त्याईले मत नाई.

म्हणजे मले मत आहे आन सरांले नाई.

प्रत्येक संघानं आपल्या जनावराची हाक काढायची. वांदराची म्हणजे खॅक-खॅक, तो दिसला की झाडावरून देते ती. (आई वाघाचं नाव घेत नाई, 'तो' म्हणते. मलेही तशीच सवय.) जंगू अशी काढते की गावातले कुत्रे भुकतात. एप्रिलात गडचिरोलीले मेळावा आहे, तिथं हाकेची स्पर्धा. सर म्हणाले, ही हाक नंबर काढते.

२२ मार्च, शनिवार

सकाळी रानाच्या कडेले सराव केला. जंगूनं हाक दिली, मागून आम्ही सगळ्याईनं. मोहाखाली बाया फुलं वेचून राह्यल्या होत्या. टोपल्या तिथंच टाकून पळाल्या! पोट्टे हसून हसून लोळले. मीही हसलो. मग त्यात मले आई दिसली. एका पायात चप्पल नाई, तोंड पांढरंफटक.

घरी आल्यावर मारेल वाटलं होतं. मारलं नाई. भाकर टाकता टाकता म्हणाली, "मोहाखाली वाकलं की समोरचं दिसत नाई रे बाबू. मान खालीच राहते. वांदर ओरडलं की समजते, तो आला, उठा. आमचे डोळे तेच आहेत."

मागच्या मोसमात पलीकडच्या गावची एक बाई वेचाले गेली ती आलीच नाई.

२५ मार्च, मंगळवार

आज हाक दिली त कोणीच पळालं नाई. आईनं मानही वर केली नाई. बाजूच्या बाईले म्हणाली, "आपलेच पोट्टे होत ते."

पोट्ट्याईले वाईट वाटलं, मजा गेली म्हणून. मले भेव वाटलं. पळाल्या तेव्हापेक्षा जास्त.

२७ मार्च, गुरुवार

सोमारीआजी शाळेत आली, काठी टेकत. सरांसमोर उभी राह्यली. "गुरुजी, तुमचा खेळ होते आन आमचा जीव जाते. वांदराची बोली वांदराले ठेवा. तुमाले दुसरी नाई भेटली काय?"

जंगू खाली पाहून राह्यला होता. सर म्हणाले, "बाई, खरं आहे तुमचं. पण मी एकटा नाई ठरवू शकत. मानसभा ठरवेल."

आजी माझ्याकडं पाहून म्हणाली, "हा ठरवते? याले त मी नागडा तलावात पोहताना पाह्यला." सगळे हसले.

२८ मार्च, शुक्रवार

मानसभा झाली. आम्ही तिघं आन सर. सरांनी पहिलेच सांगतलं, इथलं बोलणं बाहेर जात नाई, तो मानसभेचा नियम आहे.

सूरज म्हणाला, हाक बंद करा. लटारू म्हणाला, काऊन करायची? एका बुढीसाठी पथकाचा नंबर सोडायचा काय? राह्यलो मी. बंद म्हटलं त माझाच संघ मले भित्रा म्हणणार. तसाही म्हणतेच. आईची चप्पल आठवली. म्हटलं, बंद.

आवाज चिरकला, पण म्हटलं. मग धीर करून पुढचंही बोललो: संघाचं नावच बदलू. खंड्या पक्ष्याचं ठेवू. खंड्याची हाक मले येते, आम्ही मासे धरणाऱ्या ढिवराचे पोरं, तलावावर रोज ऐकतो. लटारूनं एक अट घातली — मेळाव्यापर्यंत गावात कोणाले कळू द्यायचं नाई, दुसऱ्या शाळेले सुगावा लागते. आम्ही हाव म्हटलं. सर खूश दिसले.

मीही खूश होतो. पहिल्यांदा.

२९ मार्च, शनिवार

संघाले सांगतलं. दोन-चार कुरकुरले, पण मानसभेचं म्हटल्यावर चूप. खंड्याचा सराव वर्गात, दार लावून.

जाताना जंगूनं विचारलं, "आजीले सांगू काय? तिनंच त म्हटलं होतं."

मी म्हटलं, "नाई. मानसभेची गोष्ट आहे. मेळाव्यापर्यंत कोणालेच नाई."

"बरं."

संघनायक झाल्यासारखं वाटलं मले.

२ एप्रिल, बुधवार

चांगली झोप लागून राह्यली. आई म्हणाली, "काऊन रे, तुमची वांदरं चूप झाली?" मी म्हटलं, "परीक्षा आहे." ती हसली आन टोपली घेऊन गेली.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी मैदानात परेड. मोहाच्या रानातून खॅक-खॅक आली. सर माझ्यावर चिडले, "बंद ठरली होती ना?" मी मागं वळून रांग पाह्यली. सगळे उभे होते. जंगू माझ्या बाजूलेच.

आम्ही धावलो. सरही धावले. आई वाकूनच वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "किती कोकलता रे बाबू."

मी म्हटलं, "आई, ते आम्ही नोहो."

आई घरी आली. सोमारीआजी पलीकडच्या मोहाखाली होती. तिची टोपली भेटली, अर्धी भरलेली. मग बाकीचं.

जंगू आमच्या घरी आहे. आईनं जवळ घेतलं तरी रडला नाई. आता माझ्या बाजूले येऊन बसला आन हळूच म्हणाला, "मी नाई सांगतलं अंकुश. कोणालेच नाई सांगतलं."