साडेतीन मण्यांची फट

४ फेब्रुवारी

मारिबेलच्या प्रबंधातला आलेख पाहून हॉगस्टाड सरांनी नाक मुरडलं. तेलात खच्चून भरलेले बारीक मणी, वर-खाली दोन काचा. वरची काच फिरवायची, किती जोर लागतो ते मोजायचं. फट वाढवत नेली की जोर सरळ कमी होत जायला हवा — असं सरांच्या पुस्तकात आहे. हिचा कमी होतो, वाढतो, पुन्हा कमी होतो. करवतीचे दात.

"हात थरथरतो तुझा. हे दात काढून टाक, मग सही करतो."

तिची पदवी त्या सहीवर अडली आहे.

५ फेब्रुवारी

मी प्रयोगशाळेत यंत्र दुरुस्त करत होते, तिथेच पोरगी रडली. मला रडणाऱ्यांचा कंटाळा आहे. म्हटलं, "डोळे पूस. मणी धू. पुन्हा मोज."

९ फेब्रुवारी

पुन्हा तेच दात, त्याच जागी. फटीत बरोबर तीन थर मावले की मणी रांगेने निमूट सरकतात. साडेतीनची जागा दिली की रांग मोडते, एकमेकांत अडकून बसतात. जागा जास्त, अडकणंही जास्त. शेंबड्या पोराला कळेल. सरांना नाही.

१२ फेब्रुवारी

अनुदान देणारे पाहुणे आले. सर टाय लावून. फट तीन थरांची, काच छान फिरत होती. तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले!

"मारिबेल, फट जरा वाढव. आणखी मोकळं होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पापणी हलवली नाही. तिने वाढवली — काच गच्च. मोटर किंचाळली.

"मोटर जुनी झालीय," सर पाहुण्यांना म्हणाले.

मोटर मी नोव्हेंबरात नवी बसवली आहे. पाहुणे जेवणातली हॉटडिश, ती बटाटा-खिम्याची भट्टीत भाजलेली खिचडी, खाऊन गेले.

सगळे गेल्यावर मारिबेल म्हणाली, "डोरीन, मी दात तसेच ठेवणार."

"सही मिळणार नाही."

"नाही तर नाही."

पोरीला कणा आहे म्हणायचा. या इमारतीत पहिलाच.

२७ फेब्रुवारी

मारिबेलचा प्रबंध टेबलावर ठेवलेला. सरांची सही आहे. आलेखातली रेष सरळ आहे, एकही दात नाही. ऋणनिर्देशात पहिलं नाव माझं — "मोजणीतल्या चुका सुधारायला शिकवल्याबद्दल."